पत्रिकेतला मामा

"कुलदैवत कोणतं?" वाळिंब्यांनी विचारलं.

त्यांच्या हातात पेन्सिल होती आणि समोर कोरा कागद. मी भिंतीकडे बघितलं. तिथे एका पेंडीच्या दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं आणि त्यावर तुळजाभवानी होती.

"तुळजाभवानी," मी म्हणालो.

"छान." त्यांनी लिहून घेतलं. "आता वडील?"

"नाहीत."

"म्हणजे कैलासवासी. नाव सांगा."

"ईश्वर."

"आई?"

इथे मी जरा अडखळलो. वाळिंब्यांनी चष्म्यावरून पाहिलं. स्वतःच्या आईचं नाव आठवायला वेळ घेणारं गिऱ्हाईक त्यांनी आजवर पाहिलं नसावं.

"सरस्वती," मी म्हणालो. छापखान्याच्या दारावर 'सरस्वती मुद्रणालय' अशी पाटी होती.

ही गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हा एसटीच्या आगारात भांडार लिपिक होतो. ब्रेकचे पट्टे, नट-बोल्ट, काचा, दिवे, जे मागतील ते खिडकीतून द्यायचं आणि सही घ्यायची. दिवसभर माणसं समोर यायची, पण ती बोल्ट न्यायला यायची. आई-बाप म्हणाल तर मला ते कधी नव्हतेच. लोणंदच्या स्टेशनावर, मुसाफिरखान्यातल्या बाकाखाली मी सापडलो. दोन वर्षांचा असेन. साताऱ्याच्या एका अनाथाश्रमात वाढलो. तिथे ज्याचा बाप ठाऊक नाही त्याच्या नावापुढे मोठ्या बाई 'ईश्वर' लिहायच्या आणि सापडला त्या गावाचं आडनाव लावायच्या. असा मी गजानन ईश्वर लोणंदकर झालो. आश्रमात आम्ही नऊजण ईश्वराची पोरं होतो. पुढे बाई वारल्या, आश्रम बंद पडला आणि आम्ही नऊ भाऊ नऊ दिशांना गेलो, ते परत भेटलो नाही.

हे सगळं सोपानरावांना सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. सोपानराव धुमाळ आमच्याच आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनीच मला हेरलं. त्यांची शालन मी बघितली, तिनं खाली मान घालून पोह्यांची बशी पुढे केली, आणि त्या बशीवरची तिची बोटं बघून माझं ठरलं. पण त्याच बैठकीत सोपानरावांचे थोरले भाऊ, अण्णा, मिशीवरून हात फिरवत म्हणाले,

"पाव्हणं, मागंपुढं कोण हाय तुमच्या?"

"आई-वडील लहानपणीच गेले."

"ते कळलं. चुलतं, मामा?"

"आहेत की," मी म्हणालो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "फारसं येणं-जाणं नाही."

"येणं-जाणं नसंना का. लग्नाला आलं म्हंजे झालं. ज्याच्या पाठीशी कोण उभं न्हाई त्याला आमच्या घरची पोरगी द्यायची न्हाई. आन् सोपाना, तुलाबी सांगून ठेवतो, कायबी खोटं निघालं तर भरल्या मांडवातनं उठवीन मी ह्यास्नी."

तेव्हापासून माझी झोप उडाली. अण्णांनी नुसतं विचारलं असतं तर एखादवेळ खरं बोललो असतो. धमकी दिल्यावर शहाणा माणूस खरं बोलतो. मी भेकड माणूस, मी खोट्याला आणखी ठिगळं लावत गेलो.

"निमंत्रकांत कोण कोण घालू?" वाळिंबे विचारत होते. त्यांनी नमुन्यासाठी दुसऱ्या कुणाची तरी लग्नपत्रिका माझ्यासमोर ठेवली. तिच्यात माणसं दाटीवाटीनं उभी होती. काका, काकू, आत्या, मावशा, आजोळ, पणजोळ, आणि तळाला 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पिंकी, बबलू आणि सोनू. एवढी माणसं एका माणसाला कशी असू शकतात याचा मला मनापासून हेवा वाटला.

"नावं सांगा की, लोणंदकर. आणि गावासकट सांगा. गाव नसलं की नाव उघडं दिसतं."

गावं मला पाठ होती, आगाराच्या वेळापत्रकाच्या फळ्यावरची. नावं मी तिथल्या तिथे केली. दोन चुलते, एक चुलतभाऊ, आत्याचे यजमान, मावसा. फळ्यावरून उतरवल्यासारखी मी ती एका दमात सांगितली.

"आणि मामा? मामा लागतो बरं का. अंतरपाटाच्या वेळी मामा मागे उभा असतो. त्याचं नाव जरा ठळक घालतो आम्ही."

"श्री. ज्ञानू विठोबा जाधव," मी म्हणालो. "मुक्काम कोळेवाडी."

कोळेवाडीला दिवसातून एक गाडी जायची आणि तीही बऱ्याचदा भरायची नाही. तिथून कोण कशाला चौकशी करतोय, असा माझा हिशेब.

आठ दिवसांनी पत्रिका हातात आल्या. पिवळ्या कागदावर लाल शाई. खोलीवर जाऊन दार लावलं आणि मी ती पत्रिका मोठ्यांदा वाचली. आधी कुलदैवत, मग कैलासवासी आई, कैलासवासी वडील, मग चुलते, आत्या, मावसा, आणि ठळक अक्षरात मामा. वाचता वाचता मला रडू आलं. लाज वाटायला हवी होती, आणि मला बरं वाटत होतं. ही सगळी माझी माणसं होती आणि त्यांतलं एकही या जगात नव्हतं.

रविवारी मी सोपानरावांकडे पत्रिका द्यायला गेलो. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचली.

"झ्याक. आता तुमच्या मामास्नी अक्षत द्यायला मीच जातो. मुलाच्या मामाचा मान असतोय."

"नको, सोपानराव. तुम्ही कशाला त्रास घेता. मी पोस्टानं पाठवणार आहे सगळ्यांना."

"पोस्टानं? मामाला?"

"आमचं जरा... मानापमानाचं आहे मागचं."

"बरं, तुमच्या घरचं तुम्ही जाणा." ते उठले आणि आत हाक मारली. "शालन, हळदी-कुकवाची वाटी आण गं. आणि माझ्या पेटीतली पोस्टाची तिकिटं." मग माझ्यापुढे चटई टाकली. "बसा. आत्ताच लिवून टाकू. टपालाची पेटी हितंच चावडीवर हाय."

आता काय करतो? त्यांच्यासमोर मांडी घालून मी सहा पाकिटांवर सहा पत्ते लिहिले. सोपानरावांनी प्रत्येक पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना आपल्या जाडजूड बोटानं हळद-कुंकू लावलं. मामाच्या पत्रिकेला त्यांनी जरा जास्तच लावलं. पाकिटांच्या मागे प्रेषक म्हणून मी आगाराचा पत्ता घातला, तोही त्यांनीच आठवण केली म्हणून. मग आम्ही दोघं चावडीवर गेलो आणि मी माझ्या हातानं ती सहा पाकिटं पेटीत सोडली. शालन दारातून बघत होती. माझ्याकडे बघून ती पहिल्यांदाच हसली. त्या हसण्यानं माझ्या जिवाला आणखीच घोर लागला.

पुढच्या आठवड्यात पाकिटं परत यायला लागली. आगाराच्या टपालात आधी दोन्ही चुलते आले. पाकिटावर लाल पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'या नावाचा इसम गावी नाही.' मग आत्याचे यजमान आले. मग चुलतभाऊ. शनिवारी मावसा आला. एकेक परत येत होता आणि एकेकाचं जणू मला सुतक लागत होतं. साहेब म्हणाले, "काय रे, तुझ्या नातेवाइकांनी गावं सोडली की काय?" मी हसण्यावारी नेलं आणि पाकिटं सुट्या भागांच्या खोक्यात तळाला घातली.

कोळेवाडीचं पाकीट मात्र आलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. पोस्टमननं कुठेतरी टाकून दिलं असेल, असं मी ठरवून टाकलं.

लग्न त्यांच्या गावात होतं. जानवसा शाळेत. सोपानरावांनी वऱ्हाडासाठी शाळेच्या दोन खोल्यांत ओळीनं गाद्या घातल्या होत्या, चाळीस तरी असतील. आमच्याकडून गाडीतून आगाराचे चौदाजण उतरले. त्यांतले सहा ड्रायव्हर बाहेर वडाखाली पानं खात बसले, बाकीचे मांडवाकडे गेले. मी एकटा त्या खोलीत उभा राहिलो. गाद्यांवरच्या चादरींना घडीच्या रेषा तशाच होत्या. चहा घेऊन आलेला माणूस दाराशी थबकला, ट्रेमधल्या कपांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि एक कप ठेवून निघून गेला. असं एकटेपण मला आश्रमात कधी वाटलं नव्हतं. तिथे कुणी माझी वाट बघत गाद्या घातल्या नव्हत्या.

मुहूर्त बारा बावीसचा होता. मी पाटावर उभा राहिलो. अंतरपाट धरला. पलीकडे शालनच्या मुंडावळ्यांची टोकं तेवढी दिसत होती.

"मुलीचे मामा!" भटजींनी हाक दिली. फेटेवाला एक धिप्पाड गृहस्थ शालनच्या मागे येऊन उभा राहिला.

"मुलाचे मामा!"

कुणीच हललं नाही.

"मुलाचे मामा, पुढे या लवकर! वेळ होतीये!"

मांडवात कुजबुज सुरू झाली. सोपानराव मान वळवून वळवून बघत होते. अण्णा पुढे आले. त्यांच्या हातात आमची पिवळी पत्रिका होती, घडी घातलेली.

"पाव्हणं," ते म्हणाले, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मामा कुठाय? का पत्रिकेतच हाय?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं मी ठरवलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. "अण्णा," मी म्हणालो, "मला..."

"आलो, आलो!" मांडवाच्या मागच्या बाजूनं आवाज आला. "वाट द्या वो जरा!"

एक म्हातारा माणसं बाजूला सारत येत होता. धुतलेलं धोतर, अंगात वीण सुटलेला काळा कोट, डोक्याला गुलाबी पटका. पटका नवा होता, इतका नवा की त्याचं कडक टोक उभं राहिलं होतं. त्याच्या हातात पत्रिका होती. तो थेट अण्णांसमोर आला आणि ती उघडून धरली.

"फाट्यापासनं चालत आलो, म्हून उशीर झाला. मी ज्ञानू विठोबा जाधव. हे बगा. छापलंय न्हवं हितं?"

अण्णांनी बघितलं. छापलं होतं, आणि ठळक होतं.

म्हातारा माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला. त्याला धाप लागली होती. त्याचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि मी मागे वळून बघायला लागलो.

"उगी," तो कानाशी म्हणाला. "फुडं बघ."

मंगलाष्टकं सुरू झाली. एकदाचं घोडं गंगेत न्हालं. अक्षता पडत होत्या, वाजंत्री वाजत होती आणि मला कळेना, हा माणूस कोण?

जेवणं झाल्यावर मी त्याला शोधलं. शाळेच्या पायरीवर तो पटका काढून मांडीवर घेऊन बसला होता. मी शेजारी बसलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. माफी मागायची, नाव असंच सुचलं म्हणून सांगायचं, येण्या-जाण्याचं भाडं विचारायचं. पण तोच आधी बोलला.

"आक्का कशी गेली रं?"

"कोण?"

"तुझी आई. माजी बहीण." तो पत्रिकेवरच्या नावावर बोट ठेवून होता. "हितं सरस्वती लिवलंय. आमची तर द्वारका. सोळा वर्साची हुती घर सोडून गेली तवा. त्याच्यानंतर ना पत्तर, ना निरोप. मी म्हणलं, सासरी नाव बदलत्यात. बदललं आसंल." तो माझ्याकडे बघायला लागला. "बदललं असंल न्हवं?"

मी शाळेच्या मैदानाकडे बघितलं. तिथे कुणीच नव्हतं. रिकामं होतं आणि ऊन होतं, एवढंच मला आठवतं. हा माणूस हरवलेल्या बहिणीचं पोर सापडलं म्हणून फाट्यापासून सहा मैल चालत आला होता. नवा पटका घेऊन. आणि ते पोर मी नव्हतो.

"हो," मी म्हणालो. "बदललं होतं."

म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला. जीव भांड्यात पडल्यासारखं त्याचं तोंड झालं.

"आन् गेली कशी?"

"झोपेतच गेली. काही त्रास झाला नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. "लई बरं झालं."

त्यानंतर एकोणीस वर्षं ज्ञानूमामा आमच्या घरी येत होते. दिवाळीला यायचे, भाऊबीज उरकून जायचे. येताना शेंगा, घेवडा, कधी हुरड्याची कणसं. शालनच्या बाळंतपणाच्या वेळी पंधरा दिवस राहिले आणि पोराला तेल लावून न्हाऊ घातलं. आमच्या दोन्ही मुलांना ते द्वारकाच्या गोष्टी सांगायचे. द्वारका चिंचेवर कशी चढायची, विहिरीत पोहरा पडल्यावर तिनं तो कसा काढला, बापानं मारलं तर जेवायची नाही आणि भावानं चोरून नेलेली भाकरी कशी खायची. मुलं म्हणायची, आमची आजी फार धीट होती. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून ऐकत बसायचो.

त्या गोष्टी ऐकताना मला काय व्हायचं ते कुणाला सांगता आलं नाही. द्वारकाचं खरं पोर कुठेतरी असेल आणि त्याच्या वाटणीच्या शेंगा मी खातोय, असं वाटायचं. मामांनी डोक्यावरून हात फिरवला की तो हात माझ्यासाठी नाही, हे मला कळायचं. शालनला मी कधी सांगितलं नाही. संसार झाला, मुलंबाळं झाली, पण या एका बाबतीत मी सडाफटिंगच राहिलो. किती वेळा मामांना बस स्थानकावर सोडायला गेलो आणि आज सांगू म्हणून ठरवलं. गाडी लागायची, ते खिडकीशी बसायचे आणि म्हणायचे, "जा आता घरी, उन्हात उभा राहू नगंस." मी घरी यायचो.

एकदा मात्र मी म्हणालो होतो, "मामा, समजा मी तुमचा भाचा नसतोच तर?"

ते शेंग फोडत होते. वर न बघता म्हणाले, "मग पत्रिकेत माजं नाव कशाला आसतं?"

ते गेले त्याचा निरोप कोळेवाडीच्या सरपंचांनी आगारात फोन करून दिला. "तुमचे मामा गेले. दुसरं कोण न्हाई त्यास्नी, तुमीच या." मी गेलो. अग्नी दिला. दहाव्याला पुन्हा गेलो. नदीकाठी भटजी होते, मी होतो, आणि गावातली पाच-सहा माणसं. त्यांत शेजारच्या हौसाबाई होत्या, मामांच्याच वयाच्या, मामा आजारी असताना भाकरी देणाऱ्या.

पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते, पण खाली एकही उतरेना. अर्धा तास गेला.

"कशात तरी जीव आडाकलाय ज्ञानूचा," कुणीतरी म्हणालं. "बोला काय तरी, पाव्हणं."

मी हात जोडले. "मामा, तुमच्या द्वारकाचं मी..."

हौसाबाईंनी मला विचारलं, "कोण द्वारका?"

"मामांची बहीण. माझी आई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाजूच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली.

"ज्ञानूला बहीण न्हवती, बाबा," हौसाबाई म्हणाल्या. "त्येची आय त्येच्याच बाळतपनात गेली. बापानं दुसरी बायकू केली न्हाई. एकुलता एक. आमी संगंच वाडलो की. लगीनबी झालं न्हाई त्येचं." जरा थांबून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "एकदा पोस्टमन त्येला पत्रिका देऊन गेला कुनाची तरी. चार दिस गावभर दावत फिरला. म्हनायचा, माजं नाव छापलंय, मामा म्हून छापलंय. आमी म्हणलं, आरं चुकून आली आसंल. तर म्हनला, चुकून का आसंना, कुनाला तरी मामा नसंल म्हून छापलं आसंल. जायाला नगं का?"

मी तिथेच वाळूत बसलो. पायरीवरचा तो दुपारचा माणूस डोळ्यांसमोर आला. 'बदललं असंल न्हवं?' असं विचारून तो माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. मी मान खाली घालून एका माणसाला फसवतोय म्हणून एकोणीस वर्षं झुरलो. त्यानं तर मला आई करून दिली होती. चिंचेवर चढणारी, मार खाऊन उपाशी बसणारी, एका वेळी एकेक गोष्ट करत, दर दिवाळीला. आणि मी त्याला एकदाही खरं सांगितलं नाही, म्हणून त्यानंही मला सांगितलं नाही. दोघंही एका खोलीत बसून शेंगा फोडत होतो, दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला कळलं तर तो उठून जाईल.

"मामा," मी मोठ्यांदा म्हणालो. लोक ऐकत होते, ऐकू देत. "मी तुमचा कुणी नव्हतो. मला माहीत होतं. तुम्हालाही होतं."

कावळा काही आला नाही. बाभळीवरचे दोन उडून पलीकडच्या काठाला गेले. भटजींनी घड्याळ बघितलं, दर्भाच्या चार काड्या घेतल्या, त्या वळून, गाठ मारून एक लहानसा कावळा केला आणि माझ्या हातात दिला.

"हा शिववा."

"हा चालतो?" मी विचारलं.

"चालतो की," भटजी म्हणाले. "खरा नाही आला तर आपणच करून घ्यायचा असतो."

मी तो काड्यांचा कावळा दोन्ही हातांनी धरला आणि मामांच्या पिंडाला शिववला.